दुष्काळातही उपकारस्तुती

ख्रिस्ती शिकवणुकीत आनंद मनाच्या लहरीवर सोडलेला नाही. तो विश्वासातून उगवतो आणि रोज जोपासावा लागतो. बायबलच्या नव्या करारात गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये प्रीतीपाठोपाठ आनंदच येतो. फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र तर आनंदाने ओथंबलेले आहे, आणि ते लिहिताना पौल बंदिवान होता. सुख परिस्थितीवर अवलंबून असते. हा आनंद मात्र देव सोबत आहे या खात्रीवर उभा असतो.

हाच आनंद मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यातही जपला जातो, जरी इथे ख्रिस्ती समाज अगदी थोडा आहे. इथल्या कॅथलिकांची धर्मप्रांतीय व्यवस्था 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताकडे आहे. प्रोटेस्टंट परंपरेची जुनी खूण शेजारच्या जालन्याजवळ सापडते. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी तिथे बेथेल ही वसाहत उभारली. परभणी आणि जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि वसाहतीसाठी जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या अनेक कुटुंबांना अशा वसाहतीत उपासनेबरोबर शेती, शाळा आणि माणूस म्हणून मान मिळाला. त्यांच्या आनंदाचा विचार करताना हा मान विसरून चालणार नाही.

या विश्वासाला मराठी गळा दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919). अभंग, ओवी आणि भजनाच्या चालीत त्यांनी ख्रिस्ताला गायले. म्हणून आजही मराठी उपासनेत टाळ, पेटी आणि तबला परके वाटत नाहीत. परभणीच्या माणसाला ही वाट ओळखीचीच आहे; याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत देव दळणकांडणात हात लावतो. कष्टाच्या कामात देवाची सोबत अनुभवणे मराठी भक्तीत मुरलेले होते, आणि ख्रिस्ती भजनांना तिथेच ओलावा मिळाला.

पण रोजच्या जगण्यातला आनंद पाहायचा तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांकडे वळावे. 1895 मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे घर मोडले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी घाई केली नाही. सोवळेओवळे आणि जातीभेद एकेक करून मनातून उतरवले, आणि 1900 मध्ये स्वतःच्या खात्रीने बाप्तिस्मा घेतला. गरिबी होती, तरी घरात परक्या मुलांना जागा होती. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. औपचारिक शिक्षण नसताना 64 अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात दुःखाचे प्रसंग पुष्कळ आहेत, कडवटपणा मात्र कुठेच नाही. विश्वासू माणसाचा आनंद कसा असतो, याचे याहून खरे चित्र मराठीत क्वचितच सापडेल.

सामान्य कुटुंबात हाच आनंद साध्या सवयींनी जपला जातो: जेवणापूर्वीची प्रार्थना, संध्याकाळी घरच्यांनी मिळून केलेले शास्त्रवाचन, रविवारची उपासना किंवा मिस्सा, आजाऱ्याच्या घरी जाऊन म्हटलेली भजने. नाताळात घरावर कागदी तारा लागतो आणि फराळ शेजाऱ्यांकडे जातो. शेतीवर जगणाऱ्या मंडळ्यांत हंगामानंतर ज्वारी, तूर, भाजीपाला देवापुढे आणण्याची रीत आहे. मराठवाड्यात पाऊस अनेकदा दगा देतो. अशा वर्षी टोपली हलकी असते, तरी उपकारस्तुती थांबत नाही. उलट ज्यांच्या शेतात काहीच पिकले नाही त्यांच्यासाठी मंडळी प्रार्थना करते, धान्य गोळा करते आणि ते त्यांच्या घरी पोचवते.