‘नाइस’ : एका विशेषणाचा अर्थप्रवास

अर्थपरिवर्तनाचा विचार करताना इंग्रजीतील ‘नाइस’ हे विशेषण लक्षात घेण्याजोगे आहे. आज ते छान, सुखद, भला अशा अर्थांनी सर्रास वापरले जाते. मराठी बोलण्यातही ते आता परके राहिलेले नाही. त्याचे मूळ मात्र लॅटिनमधील ‘नेस्किउस’ या शब्दात आहे. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. म्हणून ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. याच ‘स्कीरे’पासून ‘सायन्स’ हा शब्द सिद्ध झाला, हे पाहून गंमत वाटते.

जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे स्वैर, लाजाळू, चोखंदळ असे परस्परांशी न जुळणारे अर्थ त्याला चिकटले. चोखंदळ माणूस बारकावे पाहतो. त्यातून ‘सूक्ष्म, काटेकोर’ हा अर्थ निघाला. सूक्ष्म भेदाला इंग्रजीत आजही हेच विशेषण लावतात. ‘सुखद’ हा अर्थ अठराव्या शतकात रुळला आणि इतका फोफावला, की जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी त्याच्या सरसकट वापराची थट्टा करतो.

या बदलास ‘अर्थोत्कर्ष’ म्हणतात. संज्ञा योग्य आहे, पण तिच्यामुळे शब्द पायरी पायरीने वर चढला असे वाटते. प्रत्यक्षात तो बराच भरकटला. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये, तिसऱ्या अंकात, बेन्व्होलिओ एका भांडणाला हे विशेषण लावतो. तेथे ‘छान’ हा अर्थ घेतला तर अनर्थ होईल, आणि व्युत्पत्तीकडे धाव घेऊन ‘मूर्ख’ म्हटले तरी नेम चुकेल. तेथे अभिप्रेत आहे ‘क्षुल्लक’. मूळ अर्थ तोच खरा अर्थ, हा समज विद्यार्थ्यांत फार आढळतो. तो येथे टिकत नाही.

आपल्याकडे ‘मुग्ध’ या शब्दाची वाटचाल अशीच आहे. ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ ही दोन्ही रूपे संस्कृत ‘मुह्’ धातूची. ‘मूढ’ अज्ञानापाशीच थांबला. ‘मुग्ध’ मात्र भांबावलेला, भोळा, निरागस असे अर्थ घेत ‘मोहक’पर्यंत पोहोचला. काव्यशास्त्रातील मुग्धा नायिका मूर्ख नसते. ती प्रेमव्यवहारात नवखी असते, आणि तिचे ते अजाणपणच रसिकाला रमणीय वाटते.