तपासणी आधी तिची, म्हणून निदानही आधी तिचंच

मध्य प्रदेशातली धार आणि देवास ही पवार घराण्याची जुनी संस्थानं. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, पीथमपूरच्या कारखान्यांतले कामगार आहेत आणि मजुरीसाठी गुजरातेत जाणारी आदिवासी कुटुंबंही आहेत. यांतल्या कुठल्याही घरातल्या गरोदर बाईला एचआयव्ही असल्याचं कळलं, तर पुढे काय घडतं आणि तिच्या मनाचं काय होतं, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिनबरोबर एचआयव्हीची चाचणीही असते. पहिल्या चाचणीत शंका आली, तर आणखी वेगळ्या चाचण्या करूनच निदान पक्कं करतात. पहिला धक्का इथे बसतो. दुसरा घरी बसतो. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते, त्यामुळे ‘तूच हे घरात आणलंस’ असा ठपका तिच्यावर येतो. पण लागण आधी कोणाला झाली, हे ही चाचणी सांगतच नाही. दिवस गेल्यामुळे तिची तपासणी आधी झाली, इतकंच.

मग बाळाची धास्ती. काहीच उपचार केले नाहीत, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. वेळेवर औषधं घेतली, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. भारतात २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. औषधांनी रक्तातले विषाणू कमी होतात, म्हणून बाळाचा धोका घटतो. फक्त एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं, असंही नाही.

रोजची गोळी सर्वांसमोर घ्यायची कशी, ही चिंता मोठी. लपवाछपवीत गोळी चुकली, तर विषाणू पुन्हा वाढू शकतात. म्हणून घरातलं एक तरी विश्वासाचं माणूस सोबत हवं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तिची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे आणि भेदभावाला मनाई केली आहे.

बाळ जन्मल्यावर त्याला काही आठवडे औषध देतात. आई अंगावर पाजणार असेल, तर पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध. मध नाही, गुटी नाही, पाणीही नाही. सासूबाईंनी विचारलं, तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं उत्तर पुरतं, कारण हा सल्ला प्रत्येक बाळासाठी आहे.

सर्वांत कठीण असतं ते वाट पाहणं. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते, शेवटचा निर्वाळा मात्र दीड वर्षाने मिळतो. तोवर प्रत्येक तापाला आईचा जीव धास्तावतो. या काळात समुपदेशकाशी बोलणं औषधाइतकंच गरजेचं असतं.

घरात कोणी गरोदर असेल, तर नवऱ्यानेही तिच्याबरोबर तपासणी करून घ्यावी. दोष कोणाचा, हे शोधू नका. गोळीची वेळ सांभाळा. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.