दूरदेशचे पाहुणे आणि आपलीं मुलें



परदेशांतील सज्जनांनीं येथील मुलांच्या शिक्षणाचा भार उचलावा, ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठीं १८८७ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें, आणि त्याच्या साहाय्यानें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें १९३७ सालीं, स्पेनमधील यादवी युद्धांत निराश्रित झालेल्या मुलांसाठीं, जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकारानें अशी योजना काढली कीं, एका दात्यानें एका मुलाचें पालकत्व पत्करावें व दोघांत पत्रव्यवहार असावा. आज अनेक संस्था याच धर्तीवर चालतात.

पत्रें येऊं लागलीं कीं केव्हां तरी पाहुणेही येतात. त्यांचें आतिथ्य कसें करावें, एवढाच आजचा विषय.

प्रथम माझीच चूक सांगतों. मी शिक्षक असतांना अशा स्वागताचें काम मजकडे आलें. मीं मुलांस दोन तास उन्हांत उभें केलें, आणि पांचवींतील एका हुशार मुलीकडून आभाराचें भाषण पाठ करून घेतलें. ‘आम्ही गरीब आहों, आपण आमचे अन्नदाते आहां,’ हें त्यांतलें पहिलें वाक्य. तिनें तें न अडखळतां म्हटलें. दुभाष्यानें अर्थ सांगतांच पाहुण्या बाईंनीं मान खालीं घातली. पुढें आठ दिवस मुलगी शाळेंत आली नाहीं. मी घरीं गेलों, तेव्हां तिचे वडील म्हणाले, ‘‘गुरुजी, गरिबी आमची खरी, पण साऱ्या गांवासमोर ती माझ्या लेकीच्या तोंडून कशाला वदविलीत?’’ मजपाशीं उत्तर नव्हतें.

तेव्हांपासून मी एक तत्त्व मानीत आलों: अशा भेटींत मूल हें यजमान असतें, याचक नव्हे. त्यानें आपली वही दाखवावी, आपण लावलेलें झाड दाखवावें, पाहुण्यांस विटीदांडू शिकवावा. शिकविणारा कधीं लाजत नाहीं.

दुसरें, भेट संस्थेमार्फतच व्हावी. तीस आईबापांची संमति असावी. पाहुण्यानें मुलास एकट्यानें कोठें नेऊं नये, परस्पर पत्ता मागूं नये, विचारल्यावांचून छायाचित्र काढूं नये. हे नियम आधींच सौम्यपणें सांगावे. भला पाहुणा त्यांनीं दुखावत नाहीं; आणि ज्यास ते जाचतात, त्याच्यासाठींच ते आहेत.

तिसरें, पैशाचें. परदेशी देणगीसंबंधीं २०१० चा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनें अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेंतील खात्यांतच घेणें संस्थांस बंधनकारक झालें. म्हणून पाहुण्यानें संस्थेसाठीं खिशांतून काढलेली नोट नम्रपणें परत करावी. खाऊ व खेळणीं एकाच मुलास न देतां साऱ्या वर्गास द्यावीं; नाहींतर एकाच्या आनंदांत चाळीसजणांचा हिरमोड होतो.

जेवणाविषयीं थोडेंच सांगतों. पिठलें-भाकरी खुशाल वाढावी. तिखट बेताचें असावें, आणि पाणी उकळून गार केलेलें.

त्याच बाई दुसऱ्या वर्षीं पुन्हा आल्या. या खेपेस भाषण नव्हतें. वडिलांच्या संमतीनें आम्ही त्या मुलीच्या घरीं गेलों. तिनें बाईंस भाकरी थापावयास बसविलें. बाईंची भाकरी परातींतच तुटली, आणि दोघीही मोठ्यानें हसल्या. दाराशीं उभे असलेले वडीलही हसले.