एका राजवाड्यात दोन ईस्टर

आज बाप्तिस्म्यावर लिहायचं ठरलं होतं, पण नगरच्या एका वाचक ताईंनी पत्रात विचारलंय, ‘नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये का?’ हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे बाप्तिस्मा पुढच्या आठवड्यात.

येशूला क्रुसावर दिलं ते वल्हांडणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण येतो नीसान महिन्याच्या पौर्णिमेला. ज्यू पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. चंद्र ईस्टरला चिकटला तो इथूनच. नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. ही पौर्णिमा आकाशात बघून नव्हे, चर्चच्या कोष्टकावरून ठरते. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये फिरतो. २०२६ची दिनदर्शिका काढून बघा : गुरुवारी २ एप्रिलला हनुमान जयंती आणि लगेच ५ तारखेच्या रविवारी ईस्टर.

रविवारच का? कबर रिकामी दिसली ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणून. पण आशिया मायनरमधले ख्रिस्ती वार न बघता नीसानची चतुर्दशीच पाळत. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यासाठी रोमला गेले. तिथले बिशप अनिसेटस यांना ते पटवू शकले नाहीत, आणि त्यांनाही कुणी पटवू शकलं नाही. तरी अनिसेटसनी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पना दिला. या लेखमालेत मला सांगायच्या असलेल्या प्रसंगांत हा फार वरचा आहे.

सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा, हे ३२५मध्ये नायसियाच्या परिषदेत ठरलं. कोष्टकं मात्र वेगवेगळीच राहिली. सातव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्ब्रियात राजा ऑस्वी आयरिश भिक्षूंची गणना मानायचा आणि केंटमध्ये वाढलेली राणी एनफ्लेड रोमची. बीड हा इतिहासकार लिहितो, की कधी कधी राजा उपवास सोडून ईस्टर साजरा करत असे, तेव्हा राणी आणि तिची माणसं अजून उपवासातच, झावळ्यांचा रविवार पाळत असत. एकाच वाड्यात एकीकडे मेजवानी, दुसरीकडे उपवास! अखेर ६६४मध्ये व्हिटबीला, हिल्डा या मठाधिपती बाईंच्या मठात सभा भरली. स्वर्गाच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्या पेत्राला दुखवायला नको, असं म्हणत राजाने रोमच्या बाजूने कौल दिला.

तारखेवरून एवढा वाद कशाला, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असं पौलाने करिंथकरांना स्वच्छ कळवलं होतं. चर्चचं अर्धं वर्ष या एका रविवारावरून मोजलं जातं. राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी येतो : उपवासाचे दिवस ४०, आणि मधले ६ रविवार त्यात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. पेन्टेकॉस्टही ईस्टरपासूनच मोजतात, ईस्टर धरून पन्नासावा दिवस.

१५८२मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दिनदर्शिका सुधारली. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस ईस्टरसाठी अजून जुनीच वापरतात, त्यामुळे त्यांचा सण बहुधा नंतर येतो. २०२५मध्ये दोघांचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. असा योग आता २०२८मध्ये, १६ एप्रिलला आहे.

ताईंच्या प्रश्नामुळे एक सोय झाली. सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्मा देण्याची मुख्य वेळ ईस्टरची रात्रच होती. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.