मेलेल्या बादशहाचा रुपया

आज एका रुपयापासून सुरुवात करूया. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये पाडलेला रुपया. त्यावर फारसीत नाव कुणाचं? दिल्लीचा बादशहा शाह आलम. आणि साल? त्याच्या कारकिर्दीचं १९ वं. गंमत म्हणजे पुढे कितीतरी वर्षं ते १९ च राहिलं. आपल्या भाषेत, हार्डकोड केलेलं! जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापायचे, म्हणून कंपनीने सालच गोठवलं.

साल कळलं, पण नाव कशाला? १७८८ मध्ये गुलाम कादिरने या शाह आलमचे डोळे काढले. १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांनी घेतली, १८०६ मध्ये म्हातारा वारलासुद्धा. तरी १८३५ पर्यंत कंपनी त्याच्या नावाने रुपये पाडत होती.

बघा, रुपया मी घेतो कारण पुढचा तो घेईल याची मला खात्री असते. राज्याचंही तसंच. बक्सारची लढाई जिंकूनही कंपनीने १७६५ मध्ये बंगालच्या दिवाणीचं, म्हणजे महसूल गोळा करण्याचं, फर्मान याच बादशहाकडून घेतलं. लूट एकदा करता येते. दरवर्षी सारा हवा असेल तर देणाऱ्याला 'यांचा हक्क आहे' असं वाटावं लागतं. प्रत्येक शेतात शिपाई कुठून आणणार?

आपलेही लोक हेच करत होते. शाह आलम दिल्लीत टिकला महादजी शिंद्यांच्या जिवावर, पण महादजींनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद मिळवलं त्याच्याकडूनच. आणि पेशवाईची वस्त्रं यायची साताऱ्याच्या छत्रपतींकडून, जे स्वतः जवळपास नजरकैदेत! मला तर हे सगळ्यात भारी वाटतं. ज्याला कोंडून ठेवलंय, त्याच्याच नावाने तुमचं राज्य चालणार.

१८३५ मध्ये रुपयावर इंग्लंडच्या चौथ्या विल्यमचा चेहरा आला. कंपनीला वाटलं, विषय संपला. पण ११ मे १८५७ ला मेरठचे बंडवाले शिपाई थेट लाल किल्ल्यावर गेले, ऐंशी ओलांडलेल्या बहादूरशाह जफरकडे. कंपनीच्या पेन्शनवर जगणारा माणूस; ना खजिना, ना फौज. त्यांना हवं होतं ते नाव, ज्याखाली हिंदू-मुसलमान दोघेही उभे राहतील.

१८५८ मध्ये त्याच किल्ल्यात जफरवर खटला चालला. आरोप काय, तर इंग्रजांची प्रजा असून बंड केलं. अरे, पण १७६५ च्या फर्मानाप्रमाणे कंपनीच त्यांच्या घराण्याची दिवाण! मग बंड कुणी कुणाविरुद्ध केलं? असो, त्यांना रंगूनला धाडलं.

आणि १८७७ मध्ये व्हिक्टोरियाला 'कैसर-ए-हिंद' म्हणून जाहीर करायचं ठरलं, तेव्हा राजधानी कलकत्ता होती. दरबार मात्र भरला दिल्लीला.