सातासमुद्रापारचे दोन शब्द

परदेशच्या स्नेह्यांना शुभेच्छापत्र धाडायचे, तर सणाच्या आधी कितीतरी दिवस त्यांची आठवण करावी लागते. त्या कार्डाचे खरे मोल इथेच आहे!

जपानी गृहस्थांकडून हे शिकावे. त्यांच्या नववर्षाच्या कार्डाला म्हणतात 'नेंगाजो'. १५ डिसेंबरपासून टपालखाते ही कार्डे घेते, राखून ठेवते आणि बरोबर १ जानेवारीला घरोघर पोचविते. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला, ते घर नववर्षाची कार्डे पाठवीत नाही. डिसेंबर लागताच स्नेह्यांना तसे कळविते. मग ७ जानेवारीनंतर स्नेही थंडीची विचारपूस करणारे साधे कार्ड टाकतात. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी शेजारणी फराळ नेऊन देतात, त्यातलाच हा जिव्हाळा.

२००४ सालासाठी तेथे सुमारे ४४६ कोटी कार्डे छापली गेली. २०२५ साठी १०७ कोटी. फोनवरचा निरोप क्षणात शंभरांना जातो, पण त्यात कोण गळले हे कुणाच्या ध्यानात येत नाही. न आलेले कार्ड मात्र बोलते : त्या घरी सारे ठीक आहे ना?

तेव्हा वाचकहो, छापील मजकुराखाली यंदा स्वहस्ते दोन ओळी लिहा. अक्षर कसेही असो, खुशाली कळली पाहिजे.