पाण्यातला व्यायाम आणि रक्तदाब

1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी त्याच दशकात सर्वांगासनातला रक्तदाब यंत्राने मोजून पाहिला होता. पाण्यात शिरल्यावर रक्तदाबाचा हा खेळ आणखी रंगतो.

एक मीटर खोलीवर पाणी पायांवर सुमारे 74 मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब देते. गळ्यापर्यंत उभे राहिलात, की पायांतले आणि पोटातले जवळपास 700 मिलिलिटर रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकते, नाडी जरा मंदावते. शरीरात पाणी फार झाले, असे मूत्रपिंडांना वाटते. तलावात लघवी लागते ती नुसत्या गारठ्याने नव्हे!

कोमट पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, व्यायामानंतर रक्तदाब काही काळ उतरतोही. गार पाण्यात उलटे. पावसाळ्यात लोणावळ्याच्याच भुशी धरणाच्या पायऱ्यांवरचा लोट अंगावर आला, की कातडीतल्या वाहिन्या आकसतात आणि दाब उसळतो. रक्तदाबाच्या रुग्णाने ही मौज काठावरूनच बघावी, असे माझे मत.

गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि तलावातून सावकाश, कठडा धरून बाहेर यावे. पाण्याचा दाब सुटताच रक्त पायांत उतरते, घेरी येऊ शकते.